पूर आणि धुपीपासून रस्ते, पूल, बांध वाचवण्यासाठी निसर्गाधारित उपाय: पाहणीपासून देखभालीपर्यंत

रस्त्याच्या भरावावर गवत लावलं, फोटो काढले, पुढच्या पुरात गवतासकट भराव वाहून गेला. आणि मग निष्कर्ष निघाला की ‘हे गवत-बिवत काही कामाचं नाही’. अशा कामांत बहुतेकदा गवताचा दोष नसतो. भराव पायथ्याशी पोखरला जात असतो आणि इलाज वरच्या उतारावर झालेला असतो. निसर्गाधारित उपायांकडे, म्हणजे गवत, झाडं, मुळं आणि नदीची मोकळी जागा वापरून पूर आणि धूप आवरण्याच्या कामांकडे, वृक्षारोपणाचा कार्यक्रम म्हणून बघितलं की असंच होतं. हे स्थापत्याचं काम आहे, फक्त साहित्य जिवंत आहे. काँक्रीटच्या भिंतीला जेवढी पाहणी, मोजमाप आणि आराखडा लागतो तेवढा इथेही लागतो. शिवाय ऋतूचं वेळापत्रक पाळावं लागतं.

पुढे पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने काम करा. पहिल्या तीन पायऱ्या कागदावरच्या वाटतात म्हणून त्या टाळल्या जातात, आणि काम फसायची सुरुवात तिथेच होते.

पायरी १: नुकसान नेमकं कशामुळे होतंय?

पूर ओसरल्यावर लगेच, खुणा पुसल्या जाण्याआधी, जागेवर जा. काठाचा वरचा भाग छज्जासारखा पुढे आलेला आणि खालून माती गेलेली दिसली, तर प्रवाह पायथा खरवडतोय. वळणाच्या बाहेरच्या काठावर हे हमखास दिसतं, कारण तिथे पाणी जोरात आणि खोल वाहतं. पायथा सुटला की वरचं काहीच टिकत नाही.

पूर चढताना काठ शाबूत होता आणि पाणी झपाट्याने उतरल्यावर मोठा तुकडा धपकन खाली बसला, असं स्थानिक लोक सांगत असतील तर गोष्ट वेगळी. काठाच्या मातीत पाणी भरलेलं राहतं, बाहेरून टेकू देणारं नदीचं पाणी निघून जातं आणि काठ स्वतःच्या वजनाने ढासळतो. इथे आतलं पाणी बाहेर काढायची सोय आधी हवी.

उतारावर बोटाएवढ्या, मग हाताएवढ्या घळी दिसल्या तर दोष पावसाच्या वाहत्या पाण्याचा आहे. रस्त्याचं पाणी एकाच जागी उतारावर सोडलेलं असतं, हे त्यामागचं नेहमीचं कारण. उताराच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी भेग, मध्ये तिरकी झालेली झाडं आणि पायथ्याशी फुगवटा ही तिन्ही लक्षणं एकत्र असतील, तर ते खोलवरचं भूस्खलन आहे. किनाऱ्यावर मात्र लाटांचा मारा, प्रवाहाने वाळू वाहून जाणं आणि जमीन खचणं या तीन गोष्टी सुट्या करून बघाव्या लागतात.

जुने नकाशे आणि उपग्रहचित्रं काढून गेल्या काही दशकांत नदी कुठून कुठे सरकली तेही पाहा. नदी सरकत असेल तर आज बांधलेला काठ उद्या नदीच्या मध्यभागी असू शकतो.

पायरी २: पाण्याचे आकडे

तीन आकडे तरी हवेतच: पुरातला काठाजवळचा वेग, पाण्याची उंची आणि पूर किती तास टिकतो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर साधारण चौपट होतो, म्हणून वेगाचा अंदाज ढोबळ ठेवून चालत नाही. नीट रुजलेलं दाट गवत सेकंदाला सुमारे २ मीटर वेगाचं पाणी बराच वेळ सहन करतं. तास-दोन तासांचा पूर असेल तर त्याहून जास्तही झेलतं. पण हे रुजलेल्या गवताबद्दल झालं. कालपरवा लावलेल्या रोपांची ताकद जवळपास शून्य धरायची.

आणखी एक तपासणी हमखास राहून जाते. पात्रात दाट झाडोरा वाढला की पाण्याला अडथळा होतो, वेग कमी होतो आणि वरच्या बाजूला पाण्याची पातळी चढते. अरुंद पात्रात किंवा पुलाच्या लगेच खाली झुडपं लावली तर काठ वाचेल, पण पाणी शेजारच्या वस्तीत शिरेल. म्हणून पूर्ण वाढलेली झाडी गृहीत धरून पूरपातळीचं गणित पुन्हा करा.

पायरी ३: कुठे वनस्पतींवर विसंबायचं नाही

हे आधीच ठरवलं की पुढचे वाद वाचतात.

पुलाच्या खांबाभोवतीची तळखरवड, म्हणजे प्रवाहाने तळाची माती खरवडून नेणं, मुळांनी थांबत नाही. तिथे गणित करून बसवलेले दगड किंवा तत्सम कठीण संरक्षणच लागतं. वरच्या बाजूचं पात्र स्थिर करायला, म्हणजे नदी पुलाला वळसा घालून जोडरस्ता तोडणार नाही यासाठी, निसर्गाधारित उपाय उत्तम मदत करतात.

मुळांचा आधार बहुतेक झाडाझुडपांत वरच्या १ ते २ मीटर मातीपुरता असतो. घसरणीचा पृष्ठभाग ६ मीटर खोल असेल तर वर जंगल उभं केलं तरी ते जंगलासकट घसरेल. तिथे पाण्याचा निचरा आणि भूतंत्रज्ञाचा (माती-खडकाच्या अभियंत्याचा) सल्ला हवा.

आणि मातीच्या पूरबांधांवर मोठी झाडं नकोत. झाड मेलं की कुजलेल्या मुळाच्या जागी पाझरवाट तयार होते, वादळात उन्मळलं तर बांधाचा लचका घेऊन जातं, आणि झाडोऱ्यात प्राण्यांची बिळं आणि भेगा दिसत नाहीत. बांधावर आखूड, दाट, एकसारखं गवत ठेवा. झाडं हवीत तर बांधाच्या पायथ्यापासून दूर, नदीच्या बाजूच्या पूरमैदानात (पुराचं पाणी पसरतं त्या सपाट जागेत) लावा.

पायरी ४: नदीला जागा देता येते का?

माझ्या मते उपाय निवडताना हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा आणि सगळ्यात शेवटी विचारला जातो, कारण उत्तरात जमीन गुंतलेली असते. नेदरलँड्समध्ये १९९३ आणि १९९५ साली नद्यांना मोठे पूर आले. १९९५ मध्ये सुमारे अडीच लाख लोकांना हलवावं लागलं. त्यानंतर बांध आणखी उंच करत बसण्याऐवजी तीसहून जास्त ठिकाणी नदीला पसरायला जागा देण्यात आली. नेमेखन शहरात वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे नेऊन मध्ये नवा प्रवाह खोदला. त्यामुळे तिथली पूरपातळी सुमारे ३५ सेंटीमीटरने उतरते.

एवढं मोठं काम सगळीकडे शक्य नसतं. पण मोरीच्या वरचा नाला सरळ केलेला असेल तर त्याची वळणं परत देणं, जुना भरलेला ओढा मोकळा करणं, पूरमैदानातला अनावश्यक भराव काढणं ही लहान कामंही मोजण्याइतका फरक पाडतात.

पाणलोटात वर जाऊन पाणी मंद करणं हा याच विचाराचा दुसरा भाग आहे. इंग्लंडमधल्या पिकरिंग गावाच्या वर ओढ्यांत लाकडाचे गळके बंधारे, झाडोरा आणि पाणी साठवायची जागा अशी कामं झाली. डिसेंबर २०१५ च्या पावसात त्यामुळे पुराचा माथा (सर्वांत जास्त प्रवाह) १५ ते २० टक्क्यांनी कमी झाला असा अंदाज अधिकृत विश्लेषणात निघाला. सलग समतल चर, अनगड दगडी बांध, ओढ्याकाठची झाडी यांचं तत्त्व हेच. मर्यादाही स्पष्ट आहे: लहान पाणलोटात आणि मध्यम पुरात हे चांगलं चालतं. माती आधीच तुडुंब भिजलेली असताना अतिवृष्टी झाली, तर परिणाम बराच घटतो. गळके बंधारे बांधताना लाकूड नीट अडकवा. सुटून मोरीच्या तोंडाशी अडकलं तर रस्ता त्याच्यामुळेच फुटेल.

पायरी ५: नदीकाठाचं काम, खालून वर

पायथा कठीण, वरचा उतार हिरवा, हे सूत्र बहुतेक काठांना लागू पडतं.

सुरुवात पायथ्यापासून. वर्षातला बराच काळ पाण्याखाली असणाऱ्या भागात झाडं जगत नाहीत, म्हणून तिथे दगड, गॅबियन (तारेच्या जाळीत भरलेले दगड) किंवा मुळांसकट पुरलेले ओंडके. दगडांचा पाया अपेक्षित तळखरवडीच्या खाली न्या. ते जमत नसेल तर पायथ्यापुढे दगडांचा सैल पट्टा पसरा, जेणेकरून तळ खरवडला तसे दगड खाली घसरून खड्डा झाकतील. दगडांमागे खडीचा किंवा कापडाचा फिल्टर, म्हणजे पाणी जाऊ देणारा पण माती अडवणारा थर, हवाच. तो नसेल तर माती दगडांच्या फटींतून निघून जाते आणि वरून शाबूत दिसणारं पिचिंग (दगडी अस्तर) एके दिवशी आत बसतं.

मग काठाचा उतार कमी करा. उभं १ आणि आडवं २ हे चांगलं प्रमाण आहे. १ ला दीड हे जागा नसेल तरच. उभ्या कड्यावर केलेली लागवड मातीसकट कोसळते. उतार कमी करायला मागे जागा लागते, ती आधीच मिळवा.

उतारावर काथ्याची जाळी अंथरा. वेगवान पाण्यासाठी चौरस मीटरला ७०० ग्रॅम किंवा त्याहून जड विणीची घ्या. जाळीची वरची कड सुमारे ३० सेंटीमीटर खोल चरात पुरायची, आणि जोडावर वरच्या अंगाची जाळी खालच्या अंगाच्या जाळीवर यायला हवी, कौलांसारखी, म्हणजे प्रवाह कड उचलत नाही. जाळी मातीला चिकटून बसली पाहिजे. तंबूसारखी ताणली तर खालून पाणी वाहतं आणि वरून काहीच कळत नाही. काथ्या साधारण २ ते ५ वर्षं टिकतो, ज्यूट १-२ वर्षं. तेवढ्यात मुळांनी जबाबदारी घ्यायची असते. प्लास्टिकची जाळी जास्त टिकते, पण ती नदीत तुकड्यातुकड्यांनी कायमची राहते, म्हणून मी ती सुचवत नाही.

जाळीतून जिवंत खुंट्या ठोका. फांदीपासून सहज फुटणारी जात निवडायची. थंड हवामानात वाळुंज, उष्ण हवामानात निर्गुडी किंवा गिरीपुष्प. अंगठ्याएवढ्या जाडीची, ६० ते ९० सेंटीमीटर लांबीची, वर्षा-दोन वर्षांची सरळ फांदी घ्या. खालचं टोक तिरकं कापा, वरचं सपाट, म्हणजे उलटी ठोकली जात नाही. हे किरकोळ वाटतं, पण फांदीचे डोळे (अंकुर) खाली करून ठोकलेल्या खुंट्या सर्रास सापडतात. पाऊण लांबी जमिनीत, ओल्या थरापर्यंत. कापल्यापासून लावेपर्यंत फांद्या पाण्यात किंवा ओल्या गोणपाटात ठेवा आणि शक्यतो एक-दोन दिवसांत संपवा. अंतर ६० सेंटीमीटर ते १ मीटर, ओळी एकाआड एक सरकवून. घणाने डोकं फाटलं तर तेवढा भाग छाटून टाका. आधी पहारीने भोक पाडून मग खुंटी घातली तर साल सोलवटत नाही.

जास्त जोराच्या जागी फांद्यांच्या जुड्या समपातळीत उथळ चरांत पुरतात किंवा मातीच्या दोन थरांमध्ये फांद्यांचा थर घालतात. जुडी फुटण्याआधीच छोट्या बंधाऱ्यासारखी माती अडवते, हा तिचा फायदा.

कामाची दोन्ही टोकं काठात आडवी आत घुसवून बंद करा, आणि ती स्थिर काठापर्यंत न्या. अर्ध्या वळणात काम थांबवलं की पाणी मागून शिरतं आणि अख्खी पट्टी सोलून नेतं. खालच्या बाजूच्या काठाचीही पाहणी करा. इकडे वाचवलेली धूप तिकडे सरकली तर समस्या फक्त दुसऱ्याच्या दारात गेली.

पायरी ६: रस्त्याचे उतार

रस्त्याच्या उतारावर आधी पाणी वळवायचं, मग लावायचं. माथ्यावर अस्तर घातलेली आडगटार, तिथून सुरक्षित जागी उतरणारा पायऱ्यांचा नाला, मोरीच्या तोंडाशी वेग मारणारे दगड. एवढं नीट केलं तर अर्ध्या घळी लागवड न करताच थांबतात.

त्यानंतर वाळा (खस) हे गवत. समपातळी ओळीत, ठोंब १० ते १५ सेंटीमीटर अंतराने, दोन ओळींत १ ते २ मीटर उभं अंतर. चांगल्या मातीत त्याची मुळं पहिल्याच वर्षी ३-४ मीटर खोल जाऊ शकतात आणि मुळांची सरासरी ताणशक्ती साधारण ७५ मेगापास्कल मोजली गेली आहे, म्हणजे सौम्य पोलादाच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास. ओळीत फटी राहिल्या तर पाणी त्याच फटीतून एकवटून जातं, म्हणून महिन्याभरात गेलेले ठोंब बदलायचेच. वाळ्याला सावली चालत नाही, त्यामुळे झाडांखाली तो हळूहळू विरळ होतो. उतारावर बी धरणारा रानटी प्रकार नको. बीजधारणा न करणारा, ठोंबापासूनच वाढणारा प्रकार रोपवाटिकेतून खात्री करून घ्या. ओळींमधल्या जागेत स्थानिक गवतं आणि शेंगावर्गीय झुडपं हवीत. नुसता वाळा लावून सोडलेला उतार एका रोगाच्या किंवा आगीच्या भरवशावर उभा असतो.

नेपाळच्या डोंगरी रस्त्यांवर अशी कामं अनेक दशकं चालू आहेत. तिथे रस्ते विभागच गवत, फांद्यांचे थर आणि छोट्या दगडी भिंती एकत्र वापरतो. तिथला धडा घेण्यासारखा आहे: भिंत पायथा धरते, झाडोरा पृष्ठभाग धरतो, निचरा दोघांना वाचवतो.

पायरी ७: किनारा

कांदळवन लाटा मंद करतं याबद्दल शंका नाही. १०० मीटर रुंदीच्या पट्ट्यात लाटांची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी झाल्याच्या नोंदी आहेत. ही तफावत झाडांची दाटी, मुळांची रचना आणि पाण्याची खोली यांमुळे येते. पण वादळात समुद्राची पातळीच चढते तेव्हा शे-दोनशे मीटरचा पट्टा फारसं काही करत नाही. त्यासाठी किलोमीटरच्या हिशोबात रुंदी लागते. म्हणून मागे बांध ठेवा आणि पुढे कांदळवन. लाटा कमी झाल्यामुळे तो बांध कमी उंचीचा करता येतो आणि त्याची डागडुजी घटते. खाऱ्या दलदलीच्या गवतानेही असाच आधार मिळतो. जर्मनीत हॅनोव्हरच्या मोठ्या लहर-कुंडात केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अवघ्या ४० मीटर गवताने वादळी लाटांची उंची १५ ते २० टक्क्यांनी उतरवली.

लागवडीत मोठी गफलत जागेची होते. कांदळवनाची झाडं साधारण सरासरी समुद्रपातळी ते मोठ्या भरतीची पातळी या पट्ट्यातच जगतात. त्याखालच्या उघड्या चिखलात रोपं लावणं सोपं, कारण तिथे जमिनीचा वाद नसतो. फिलिपिन्समध्ये अशा जागी कांदळाची लाखो रोपं लावली गेली आणि मोठ्या प्रमाणावर मेली. आधी तपासा की तिथे झाडं आपोआप का येत नाहीत. बऱ्याचदा जुन्या बांधामुळे भरतीचं पाणी अडलेलं असतं. बांधाला योग्य ठिकाणी वाट करून दिली की बिया स्वतःच येतात आणि लागवड लागतच नाही.

किनारा इतका खचलेला असेल की झाडं जगतील अशी जमिनीची पातळीच उरली नाही, तर आधी गाळ साठवावा लागतो. जावा बेटावरच्या देमाक इथे बांबू आणि फांद्यांची पाझरती कुंपणं घालून तो साठवला गेला. पण जमीन वेगाने खचत असल्यामुळे आणि लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांमुळे तिथे यश अर्धवटच राहिलं. भूजलाचा उपसा चालू असेल तर आधी तो प्रश्न हातात घ्या.

वालुकामय किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या राखणं हाच इलाज. वारा अडवणारी छोटी कुंपणं, मर्यादवेलीसारख्या सरपटणाऱ्या वेली, आणि माणसांसाठी उचललेल्या लाकडी पायवाटा, कारण टेकडीवरची गवतं पायदळी तुडवली की महिन्यात खिंड पडते. वाळूच कमी पडत असेल तर बाहेरून घालावी लागते. नेदरलँड्सने २०११ मध्ये एकाच जागी २.१५ कोटी घनमीटर वाळू टाकली आणि ती किनाऱ्यावर पसरवायचं काम सुमारे वीस वर्षांसाठी लाटा-वाऱ्यावर सोपवलं.

पायरी ८: कंत्राट आणि वेळापत्रक

इथे चांगले आराखडे मरतात. मातीकाम पुराच्या हंगामाच्या तोंडावर संपतं, रोपं मिळत नाहीत, मग जी मिळतील ती लावली जातात. रोपवाटिकेला एक वर्ष आधी सांगा, जाती आणि संख्या लिहून. फांद्या सुप्तावस्थेत (झाडाची वाढ थांबलेली असताना) किंवा पावसाच्या सुरुवातीला कापायच्या, आणि पहिला मोठा पूर येण्याआधी मुळांना काही आठवडे मिळतील अशी तारीख ठरवायची. तारीख चुकली तर त्या हंगामात फक्त पायथा आणि जाळी पूर्ण करा. लागवड पुढे ढकला.

कंत्राटात ‘रोपे लावणे, नग’ अशी बाब ठेवू नका. पैसे जगलेल्या रोपांच्या टक्क्यावर आणि उताराच्या आच्छादनावर द्या, दोन हंगामांत विभागून. किमान तीन वर्षांची देखभाल स्वतंत्र बाब म्हणून मूळ अंदाजपत्रकातच घाला. नंतर ती कुणी मंजूर करत नाही.

जिथे काम आहे तिथल्या गुराख्यांशी, मच्छीमारांशी, काठावर शेती करणाऱ्यांशी आराखडा पक्का होण्याआधी बोला. चराईचा रस्ता बंद केलात आणि पर्याय दिला नाही, तर पहिल्याच उन्हाळ्यात गवत संपेल, आणि त्यात चूक गुरांची नसेल. इंटरनॅशनल युनियन फॉर कॉन्झर्व्हेशन ऑफ नेचर या संस्थेने २०२० मध्ये निसर्गाधारित उपायांसाठी ८ निकषांचं जागतिक मानक काढलं, त्यात लोकांचा सहभाग हा वेगळा निकष आहे.

पायरी ९: देखभाल आणि मोजणी

पहिल्या वर्षी दर महिन्याला आणि प्रत्येक पुरानंतर फेरी. मेलेल्या खुंट्या बदलणं, जाळीची सुटलेली कड पुन्हा पुरणं, घळ हाताएवढी होण्याआधी बुजवणं, तण काढणं, पहिल्या कोरड्या ऋतूत पाणी देणं. पायथ्याचे दगड हलले का ते कमी पाण्याच्या दिवसांत बघा. काठावरची झुडपं दर दोन-तीन वर्षांनी बुंध्यापासून छाटली तर ती दाट आणि लवचीक राहतात, पुरात वाकतात आणि काठावर वजन होत नाहीत.

ठरलेल्या जागी खांब रोवून तिथूनच, त्याच दिशेने, दर हंगामात फोटो काढा. काठाची रेषा खुणेच्या खुंट्यांपासून टेपने मोजा. जमिनीवर चौकट टाकून तिच्यातला किती भाग झाडोऱ्याने झाकला आहे, तो आच्छादनाचा टक्का नोंदवा. यापलीकडची साधनं असतील तर उत्तम, नसली तरी एवढ्यावर निर्णय घेता येतो.

निर्णयाच्या रेषा आधीच लिहून ठेवा. दुसऱ्या हंगामाअखेर आच्छादन ७० टक्क्यांखाली असेल तर जात किंवा माती बदला, तीच रोपं पुन्हा लावू नका. काठ मागे सरकत राहिला तर लागवड थांबवून पायरी १ वर या, कारण निदान चुकलेलं असण्याची शक्यता जास्त आहे. आणि रस्ता किंवा वाहिनी काठापासून ठरावीक अंतराच्या आत आली, तर कठीण संरक्षण बांधायचं की मार्गच हलवायचा, हे कोणी आणि किती दिवसांत ठरवायचं त्याचं नाव आराखड्याच्या पहिल्या पानावर असू द्या.